पीपीपीओई ब्रॉडबँडवर काही साइट अर्ध्यात अडकतात: एमटीयू ठरवायचा कसा आणि तो खरंच लागू आहे का हे तपासायचं कसं

पीपीपीओई म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून होणारी ब्रॉडबँड जोडणी, आणि एमटीयू म्हणजे एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाइट जातील ती मर्यादा. ती चुकली की दिसणारी लक्षणं ठरलेली आहेत. राउटरवर हिरवा दिवा, स्पीड टेस्ट प्लॅनप्रमाणे, यूट्यूब सुरळीत, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात. पण एखाद्या बँकेचं पान लॉगिनच्या आधीच गोल फिरत बसतं, सरकारी पोर्टलवर पीडीएफ चढत नाही, ऑफिसचं व्हीपीएन जोडलं जातं पण आतलं काहीच उघडत नाही. तीच साइट मोबाइल डेटावर लगेच उघडते. कस्टमर केअर राउटर बंद-चालू करायला सांगतं. कधी त्याने काम होतं, आणि काही दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे दिसलं की डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलत बसू नका. लहान पॅकेट जात असतील आणि मोठी गळत असतील, तर नेमकं असंच होतं. पिंग लहान, डीएनएसचा प्रश्न लहान, टीसीपीची (साइटशी जोडणी जुळवणाऱ्या प्रोटोकॉलची) सुरुवातीची देवाणघेवाण लहान. त्यामुळे जोडणी होते. ब्राउझरचा पहिला टीएलएस (सुरक्षित जोडणीचा) संदेशही पूर्वी बहुधा एका पॅकेटात मावायचा; नव्या ब्राउझरांत तो त्याहून मोठा असू शकतो. मग सर्व्हर आपली प्रमाणपत्रं पाठवतो, ती काही हजार बाइटची असतात, म्हणजे तिथून पूर्ण आकाराची पॅकेट सुटतात आणि तीच वाटेत गायब होतात. ब्राउझर वाट पाहत राहतो. यूट्यूब चालतं, कारण ते बहुतेक क्विक प्रोटोकॉलवर असतं. क्विकची सुरुवात १२०० बाइटच्या आसपास होते, आणि त्याहून मोठा आकार चालतो का हे तो स्वतः चाचपून पाहतो. स्पीड टेस्टचा सर्व्हर बहुधा ऑपरेटरच्या जवळपास असतो, तिथपर्यंत 'पॅकेट मोठं आहे' हा निरोप पोचतो आणि तो आकार कमी करतो. म्हणून स्पीड टेस्ट चांगली आली याचा अर्थ जोडणी निर्दोष आहे असा नाही.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. पानं उघडताना अडकत असेल, तर गळती बहुधा सर्व्हरकडून तुमच्याकडे येणाऱ्या दिशेला आहे. पानं उघडतात पण फाइल किंवा फोटो चढवताना अडकतं, तर तुमच्या राउटरमध्ये बसवलेला आकडा जोडणीच्या खऱ्या क्षमतेपेक्षा मोठा असण्याची शक्यता जास्त.

आठ बाइटचा हिशेब

इथरनेटच्या फ्रेममध्ये आत १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ६ बाइट स्वतःच्या हेडरला घेतं, पीपीपीचा प्रोटोकॉल क्रमांक आणखी २ घेतो. उरतात १४९२. फेब्रुवारी १९९९च्या आरएफसी २५१६मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) हीच मर्यादा घालून दिली आहे: पीपीपीओईवर एमआरयू, म्हणजे एका वेळी घ्यायचा कमाल आकार, १४९२च्या वर ठरवायचा नाही. बीएसएनएलच्या फायबरपासून गल्लीतल्या केबलवाल्याच्या इंटरनेटपर्यंत जिथे जिथे युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी होते, तिथे तिथे हा हिशेब लागू. जिथे युजरनेम-पासवर्ड न टाकता डीएचसीपीने (आपोआप पत्ता देणाऱ्या सोयीने) थेट पत्ता मिळतो, तिथे हे आठ बाइट जात नाहीत. तिथे पुढचं बरंचसं वाचायची गरज नाही.

आता एमटीयू आणि एमआरयू. एमटीयू म्हणजे मी एका वेळी जास्तीत जास्त केवढं पाठवणार. एमआरयू म्हणजे मी केवढं घेऊ शकतो. पीपीपीची जोडणी होताना एलसीपीच्या (जोडणीच्या अटी ठरवण्याच्या) टप्प्यात दोन्ही बाजू आपापला एमआरयू कॉन्फिगर-रिक्वेस्टमध्ये सांगतात, समोरचा तो मान्य करतो किंवा दुसरा आकडा सुचवतो. समोरच्याचा एमआरयू ही तुमच्या एमटीयूची कमाल मर्यादा. या दोन दिशा स्वतंत्र आहेत. एकीकडे १५०० आणि दुसरीकडे १४९२ असंही निघतं. कुणी एमआरयू सांगितलाच नाही, तर पीपीपीच्या मूळ नियमाप्रमाणे (आरएफसी १६६१, १९९४) तो १५०० धरला जातो. पीपीपीओईवर नेमकी इथेच गोची होते.

या सगळ्यात कळीची बाब एकच: एलसीपीत ठरलेला आकडा म्हणजे दोन टोकांच्या सॉफ्टवेअरने एकमेकांना दिलेला शब्द. मधला ओएनटी (ऑपरेटरची फायबर जिथे संपते ती घरातली पेटी), मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल केबलवर आणणारा डबा), बिल्डिंगच्या जिन्यातल्या पेटीतला स्विच, यांना त्या बोलणीत कुणी विचारलेलं नसतं. म्हणून आकडा ठरवणं हे अर्धं काम; तेवढ्या मापाचं पॅकेट खरोखर पलीकडे जातं का हे पाहणं हे उरलेलं अर्धं.

मोजणी

आधी संगणकाची स्वतःची मर्यादा बघा. याआधी कुणाच्या तरी सल्ल्याने संगणकाचा एमटीयू १४०० करून ठेवलेला असतो आणि पुढची सगळी मोजणी त्या १४००चीच होते. विंडोजमध्ये 'नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो सबइंटरफेसेस' या आज्ञेने कळतं. लिनक्सवर 'आयपी लिंक'. तिथे १५०० हवेत. व्हीपीएन बंद करा, शक्यतो केबल लावून मोजा.

मग न तुटणारं, म्हणजे 'तुकडे करू नका' अशी खूण असलेलं पिंग पाठवा. आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं. लिनक्समधला 'एम' आणि मॅकमधला 'डी' कॅपिटल, बाकी सगळं लहान.

विंडोज: पिंग -एफ -एल १४६४ १.१.१.१
लिनक्स: पिंग -एम डू -एस १४६४ १.१.१.१
मॅक: पिंग -डी -एस १४६४ १.१.१.१

१४६४ का? कारण या तिन्ही ठिकाणी तुम्ही फक्त आतल्या मजकुराचा आकार देता. त्यावर आयसीएमपीचे (पिंग आणि नकाराचे निरोप नेणाऱ्या प्रोटोकॉलचे) ८ आणि आयपीव्ही४चे २० बाइट चढतात, एकूण १४९२. पूर्ण १५०० तपासायचे तर १४७२. आयपीव्ही६मध्ये हेडर ४० बाइटचं असतं, म्हणून तिथे अनुक्रमे १४४४ आणि १४५२. मायक्रोटिकच्या राउटरवरून किंवा सिस्कोच्या आयओएसवरून पिंग करत असाल, तर तिथे दिलेला आकार हा हेडरसकट पूर्ण पॅकेटचा असतो. तिथे सरळ १४९२ लिहायचं. एकाने १४६४ मोजायचं, दुसऱ्याने १४९२, आणि दोघांनी आपलंच खरं म्हणत फोनवर भांडायचं, हे इतक्या वेळा होतं की कुठल्या उपकरणावरून मोजलं हे आधी विचारलेलं बरं.

उत्तर तीन प्रकारचं येतं, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

पहिलं, सरळ रिप्लाय. तेवढा आकार जातो.

दुसरं, 'पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड' किंवा लिनक्सवर 'मेसेज टू लाँग, एमटीयू=१४९२' असा नकार. हे चांगलं लक्षण आहे. वाटेतल्या कुणाला तरी आपली मर्यादा माहीत आहे आणि तो ती सांगतो आहे. विंडोजमध्ये ओळीच्या सुरुवातीला 'रिप्लाय फ्रॉम' आणि राउटरचा पत्ता असेल तर नकार राउटरने दिला. पत्ता नसेल तर तुमच्या संगणकानेच दिला.

तिसरं, नुसतं 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', आणि तेच पिंग १४०० ला मात्र व्यवस्थित येतं. हे वाईट. मोठं पॅकेट कुणीतरी मुकाट्याने टाकून देतंय. यालाच ब्लॅक होल म्हणतात.

सीमा शोधायला एकेक बाइट कमी करत बसू नका. १४७२ अडकलं आणि १२०० गेलं, तर मधला १३३६ घ्या. गेला तर वरचा अर्धा भाग, अडकला तर खालचा. आठ-नऊ पिंगांत नेमका आकडा हाती येतो. १४६४ मिळाला तर साधं पीपीपीओई. १४५२ मिळाला तर राउटरमध्ये १४८० बसवलेला आहे. टीपी-लिंकच्या पुष्कळ राउटरवर पीपीपीओईचा मूळ आकडा १४८०च असतो. त्याने बिघडत काही नाही, दर पॅकेटमागे बारा बाइट कमी जातात इतकंच. भलताच आकडा, म्हणजे १४०० किंवा १३६० वगैरे मिळाला, तर वाटेत कुठेतरी बोगदा (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेणारी जोडणी) आहे, किंवा मागच्या माणसाने हात मारून ठेवलाय.

दोन ठिकाणी फसगत होते. काही मोठे सार्वजनिक डीएनएस सर्व्हर मोठ्या पिंगला छोटंसं उत्तर पाठवतात. लिनक्सवर ओळीच्या शेवटी 'ट्रंकेटेड' असं दिसतं. त्यात फक्त जाण्याची दिशा तपासली जाते. दुसरं म्हणजे, उत्तरावर 'तुकडे करू नका' ही खूण असेलच असं नाही. मग ऑपरेटरचा सर्व्हर परतीच्या पॅकेटचे तुकडे करून पाठवतो, तुमचा संगणक ते जोडतो आणि पिंग पास झालं असं वाटतं. येण्याची दिशा खरी बघायची तर राउटरवर पीपीपी इंटरफेसवर टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा आणि उत्तर अखंड आलं की तुकड्यांत ते पाहा. किंवा एखादी मोठी फाइल उतरवताना येणाऱ्या टीसीपी सेगमेंटची लांबी बघा: १४९२ च्या जोडणीवर ती १४५२, आणि टाइमस्टॅम्प चालू असतील तर १४४०. तिथे २८८० किंवा २९०४ दिसलं तर दचकू नका. नेटवर्क कार्डाने दोन सेगमेंट चिकटवून वर दिलेले असतात. इथटूल या लिनक्सच्या आज्ञेने जीआरओ आणि एलआरओ (हीच चिकटवायची सोय) तात्पुरतं बंद करून पुन्हा बघा.

राउटरमध्ये पीपीपीच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता दिसतो. तो पिंगला उत्तर देत असेल तर हीच मोजणी त्याच्यावर करा. १४६४ तिथेच अडकलं तर दोष तुमच्या घरापासून ऑपरेटरच्या बीएनजीपर्यंतच्या (ग्राहकांच्या पीपीपीओई जोडण्या जिथे संपतात त्या यंत्रापर्यंतच्या) तुकड्यात आहे. तिथे गेलं आणि पुढे अडकलं, तर दोष बाहेरचा.

१४९२ वर पक्कं बसवणं

बहुतेकांना एवढंच लागतं.

आकडा एकाच ठिकाणी, जिथे पीपीपीओई डायल होतं तिथे, बसवा. ओएनटीच डायल करत असेल तर ओएनटीमध्ये. तो ब्रिज मोडमध्ये (स्वतः डायल न करता पॅकेट नुसती पुढे देणारा) असेल तर तुमच्या राउटरमध्ये. ओएनटी डायल करतोय आणि त्याच्यामागे तुमचा राउटर डीएचसीपीवर आहे, अशा वेळी मागच्या राउटरवर १४९२ टाकून काही साधत नाही. तो १५०० वरच राहू द्या. प्रत्येक संगणकावर एमटीयू बदलणं तर नकोच. संगणक सुधारतो, टीव्ही, फोन आणि पाहुण्यांचा लॅपटॉप तसेच राहतात.

दुसरं काम एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे टीसीपी सेगमेंटचा कमाल आकार राउटरनेच कमी करणं. टीसीपी जोडणी सुरू होताना दोन्ही टोकं आपण केवढा सेगमेंट घेऊ ते सांगतात. तुमचा संगणक स्वतःला १५०० ची लाइन आहे असं समजून १४६० सांगतो. राउटर वाटेतच तो आकडा खोडून १४५२ करतो, म्हणजे १४९२ वजा आयपीचे २० आणि टीसीपीचे २०. मग सर्व्हर मुळातच मोठं पॅकेट पाठवत नाही, आणि आयसीएमपीचा निरोप वाटेत कुणी अडवला तरी फरक पडत नाही. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये फायरवॉलच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) झोनवर एमएसएस क्लॅम्पिंगची खूण असते. मायक्रोटिकमध्ये पीपीपी प्रोफाइलला चेंज टीसीपी एमएसएस 'येस'. सिस्कोवर 'आयपी टीसीपी अ‍ॅडजस्ट-एमएसएस १४५२'. साध्या लिनक्सवर हा नियम ('-ए', फॉरवर्ड, सिन, आरएसटी आणि टीसीपीएमएसएस कॅपिटल):

आयपीटेबल्स -टी मँगल -ए फॉरवर्ड -पी टीसीपी --टीसीपी-फ्लॅग्स सिन,आरएसटी सिन -जे टीसीपीएमएसएस --क्लॅम्प-एमएसएस-टू-पीएमटीयू

लागू झालं का ते बघायचं तर पीपीपी इंटरफेसवर टीसीपीडंप लावून कुठलीही साइट उघडा. बाहेर जाणाऱ्या सिन (जोडणी सुरू करणाऱ्या) पॅकेटात एमएसएस १४५२ दिसला पाहिजे. १४६० दिसला तर नियम चुकीच्या इंटरफेसवर आहे, किंवा हार्डवेअर ऑफलोडने पॅकेट फायरवॉलला वळसा घालून जातंय. ऑफलोड बंद करून पुन्हा पाहा.

आयपीव्ही६ची गोष्ट वेगळी, आणि पुष्कळ तक्रारी तिथल्याच असतात. आयपीटेबल्सचा वरचा नियम आयपीव्ही६ला लागत नाही; आयपी६टेबल्समध्ये तसाच दुसरा हवा, तिथला आकडा १४३२ होतो. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाही, तो फक्त 'पॅकेट टू बिग' असा आयसीएमपीव्ही६ निरोप, प्रकार २, मागे पाठवतो. सुरक्षेच्या नावाखाली कुणी सगळं आयसीएमपीव्ही६ अडवलं की हा निरोप मेला. प्रकार २ कधीही अडवायचा नाही. शिवाय राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंटमध्ये, म्हणजे राउटर घरातल्या उपकरणांना पाठवतो त्या आयपीव्ही६च्या संदेशात, एमटीयू १४९२ जाहीर करा. मग घरातली सगळी उपकरणं आयपीव्ही६साठी आपणहून तेवढाच वापरतात. दोष याच बाजूचा आहे का हे पाहायला संगणकावर आयपीव्ही६ पाच मिनिटं बंद करून अडकणारी साइट उघडा. उघडली तर उत्तर मिळालं. पण मग चालू करा आणि मूळ दुरुस्त करा. कायमचं बंद ठेवणं ही दुरुस्ती नव्हे.

बदल केल्यावर लगेच फरक दिसला नाही तर जुना हिशेब कॅशमध्ये असतो. लिनक्स एखाद्या ठिकाणचा शिकलेला एमटीयू साधारण १० मिनिटं लक्षात ठेवतं. 'आयपी रूट गेट' नंतर पत्ता दिला की तो आणि त्याची उरलेली मुदत दिसते. विंडोजवर 'नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो डेस्टिनेशनकॅश'. दर काही मिनिटांनी अडकतं, मग चालतं, मग पुन्हा अडकतं, या चक्रामागे पुष्कळदा हीच मुदत असते.

पूर्ण १५०० हवे असतील तर

सप्टेंबर २००६च्या आरएफसी ४६३८ने याची सोय केली. कल्पना साधी आहे: इथरनेटच्या आत १५०० ऐवजी १५०८ बाइट जाऊ द्यायचे, म्हणजे पीपीपीओईचे आठ वजा जाऊन पूर्ण १५०० उरतात. अशा फ्रेमला बेबी जंबो म्हणतात. ब्रिटनमध्ये ओपनरीचच्या व्हीडीएसएल लाइनवर हे सर्रास वापरलं गेलं. आपल्याकडे ऑपरेटरगणिक, आणि एकाच ऑपरेटरच्या दोन भागांतही, फरक असू शकतो. विचारण्यापेक्षा तपासलेलं बरं.

वेगासाठी हे करू नका. १५०० मधल्या ८ बाइटांचा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, डोळ्यांना दिसणारही नाही. फायदा आहे तो क्लॅम्पिंग जिथे पोचत नाही तिथे: व्हीपीएन, गेम, व्हिडिओ कॉल, म्हणजे यूडीपीवरचं (टीसीपी न वापरणारं) सगळं.

बसवताना क्रम असा. आधी राउटरच्या वॅन पोर्टचा एमटीयू १५०८ करा. ऑपरेटर व्हीलॅन (एकाच तारेवरची क्रमांक दिलेली वेगळी वाट) वापरत असेल तर व्हीलॅनचा इंटरफेसही १५०८. नुसता वरचा बदलून खालचा विसरला जातो, किंवा उलट. मायक्रोटिकवर पोर्टचा एल२एमटीयू व्हीलॅनसह किमान १५१२ हवा. मग पीपीपीओईमध्ये एमटीयू आणि एमआरयू दोन्ही १५००. जोडणी तोडून पुन्हा लावा. मायक्रोटिकमध्ये 'अ‍ॅक्च्युअल एमटीयू' बघा, लिनक्सवर पीपीपी०चा एमटीयू. पण हे बघून थांबू नका. तो आकडा बोलणीत ठरलेला आहे, तपासलेला नाही.

बोलणी प्रत्यक्ष बघायची तर वॅन पोर्टवर, व्हीलॅन असेल तर व्हीलॅनच्या इंटरफेसवर, टीसीपीडंपला 'पीपीपीओईडी' हा फिल्टर देऊन बाइट छापायला लावा आणि पुन्हा डायल करा. चार पॅकेट दिसतील: पीएडीआय, पीएडीओ, पीएडीआर, पीएडीएस. पहिलं तुमचं, दुसरं ऑपरेटरचं, तिसरं तुमचं, चौथं ऑपरेटरचं. तुमच्या पीएडीआयमध्ये हेक्समध्ये ०१ २० ०० ०२ ०५ डीसी हे सहा बाइट शोधा. ०१२० हा पीपीपी-मॅक्स-पेलोड टॅगचा क्रमांक, ०००२ ही लांबी, ०५डीसी म्हणजे १५००. सर्व्हरला मोठा आकार चालत असेल तर तो हाच टॅग पीएडीओ आणि पीएडीएसमध्ये जसाच्या तसा परत पाठवतो. त्यानंतर एलसीपीच्या कॉन्फिगर-रिक्वेस्टमध्ये (इथे फिल्टर 'पीपीपीओईएस' लागतो) दोन्हीकडून एमआरयू १५०० दिसला पाहिजे, किंवा मूळ आकडा १५००च असल्याने तो सांगितलेलाच नसेल.

कुठे काय अडलं त्यावरून पुढची दिशा ठरते.

पीएडीआयमध्येच टॅग नाही: दोष घरात. खालच्या एखाद्या इंटरफेसचा एमटीयू १५०८ झालेला नाही, किंवा राउटरच्या सॉफ्टवेअरला हे येतच नाही. ऑपरेटरने दिलेल्या अनेक राउटरांच्या मेनूत १४९२च्या वरचा आकडा टाकताच येत नाही. तिथे उपाय नाही.

पीएडीआयमध्ये आहे, पीएडीओमध्ये नाही: ऑपरेटरच्या बाजूला सोय नाही. १४९२ वर परत या. इथे काही राउटर मखलाशी करतात: टॅग परत आला नाही तरी एलसीपीत १५०० मागतात, आणि पीपीपीचा मूळ आकडा १५००च असल्याने समोरचा मान्यही करून टाकतो. कागदोपत्री १५००, तारेवर १४९२. राउटरला वाटतं सगळं जातंय, म्हणून तो नकाराचा निरोपही देत नाही. सुरुवातीला सांगितलेलं फाइल चढवताना अडकणं पुष्कळदा यातूनच येतं.

तुमचा एमआरयू १५००, समोरच्याचा १४९२: तुम्हाला मोठं येऊ शकतं, तुम्ही पाठवू शकत नाही. १४७२ च्या पिंगला 'एमटीयू=१४९२' असा स्पष्ट नकार येतो. वापराला अडचण नाही.

टॅग दोन्हीकडे, एमआरयू दोन्हीकडे १५००, आणि तरी १४६४ जातं, १४७२ टाइम आउट: मधलं एखादं उपकरण फ्रेम टाकतंय. १५०० च्या पॅकेटाची तारेवरची पूर्ण फ्रेम १५०८ अधिक १४ बाइटचं हेडर अधिक ४ बाइटचा एफसीएस (फ्रेम बिघडली का हे तपासायचा आकडा), म्हणजे १५२६. व्हीलॅन टॅग असेल तर १५३०. स्वस्त स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर १५१८ किंवा १५२२ वर थांबतो आणि त्यावरची फ्रेम न बोलता फेकतो. तो निरोप पाठवू शकत नाही, कारण त्याला आयपी कळतच नाही. तुमच्याच पोर्टवर अडत असेल तर लिनक्समध्ये 'आयपी -एस -एस लिंक शो' मध्ये आरएक्स एररखालचा 'लेंग्थ' आकडा वाढताना दिसतो, किंवा इथटूलच्या -एस यादीत ओव्हरसाइझसारखं नाव. तो शून्य राहिला तर फ्रेम तुमच्यापर्यंत आलेलीच नाही.

या शेवटच्या प्रकाराची कल्पना आरएफसी ४६३८ लिहिणाऱ्यांनाही होती. म्हणून त्यात सुचवलंय की १४९२च्या वर ठरलं की मोठ्या आकाराची एलसीपी इको-रिक्वेस्ट (पीपीपीचं स्वतःचं पिंगच) पाठवून बघावी. उत्तर आलं नाही आणि जुन्या मापाच्या इकोला आलं, तर १४९२ वरच राहावं. घरगुती राउटर हे करताना क्वचितच दिसतात. त्यांचा नेहमीचा एलसीपी इको इवलासा असतो. तो दर काही सेकंदांनी जातो, परत येतो, आणि राउटर 'कनेक्टेड' दाखवत राहतो. म्हणून ती चाचणी तुम्हालाच १४७२च्या पिंगाने करावी लागते, पलीकडच्या टोकावर आणि बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर, प्रत्येकी शंभरेक पिंग. एखाद-दुसरं गळलं तर ते वेगळं दुखणं. सगळी गळली तर आकाराचं.

पुन्हा पुन्हा का होतं

एका भागात ऑपरेटरचे दोन-तीन बीएनजी असू शकतात. पीएडीआय सगळ्यांना ऐकू जातं, आधी उत्तर देणाऱ्याशी जोडणी होते. एकाला टॅग कळतो, दुसऱ्याला नाही. वीज गेली, पुन्हा डायल झालं, दुसरा बीएनजी मिळाला, आणि काल चालणारं आज अडकलं. पीएडीओमधलं एसी-नेम (उत्तर देणाऱ्या बीएनजीचं नाव) दर वेळी टिपून ठेवा. बिघाड नेहमी एकाच नावाबरोबर येत असेल तर पुरावा हातात आहे. राउटर बंद-चालू केल्यावर कधी सुटतं आणि कधी सुटत नाही, याचंही कारण बऱ्याचदा हेच.

फर्मवेअर अपडेटने वॅन पोर्टचा १५०८ परत १५०० होतो, पीपीपीओईतला १५०० तसाच राहतो. ओएनटी बदलला की नवा ओएनटी तेवढी फ्रेम सोडेलच असं नाही. बिल्डिंगमधला स्विच जळाला आणि केबलवाल्याने हाताशी होता तो लावला, हे तर तुम्हाला कुणी सांगतही नाही. १५०० वर राहायचं असेल तर राउटरवर तासातून एकदा १४७२चं न तुटणारं पिंग आणि त्याच्याच जोडीला १४६४चं, असा छोटा पहारा लावा. दुसरं येतंय आणि पहिलं नाही, असं दिसलं की एमटीयू १४९२ करून पुन्हा डायल. हा पहारा लावायची तयारी नसेल तर १४९२ आणि क्लॅम्पिंग हीच जास्त शहाणपणाची निवड.

व्हीपीएनचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण बाहेरचं पॅकेट यूडीपी असतं आणि त्याला क्लॅम्पिंग लागू होत नाही. वायरगार्ड हे व्हीपीएन आयपीव्ही४वरून ६० बाइट घेतं, आयपीव्ही६वरून ८०. त्याचा नेहमीचा १४२० हा आकडा १५०० वजा ८० असा आलेला आहे. १४९२ च्या जोडणीवर तो १४१२ करा, दोन्ही टोकांना. फक्त तुमच्याकडे बदलला तर तिकडून मोठी पॅकेट येतच राहतात, आणि 'व्हीपीएन लागतं पण फोल्डर उघडत नाही' ही तक्रार तशीच राहते.

ऑपरेटरकडे तक्रार करताना 'नेट स्लो आहे' लिहिलं तर तिकीट स्पीड टेस्ट करून बंद होतं. त्याऐवजी एवढं लिहा: पीपीपीओई जोडणी, एसी-नेम अमुक, एलसीपीत ठरलेला एमआरयू दोन्ही बाजूंचा, पलीकडच्या टोकाच्या पत्त्यावर न तुटणारं १४०० चं पिंग जातं, १४६४ चं टाइम आउट होतं, राउटर काढून लॅपटॉपवरून थेट डायल केलं तरी तेच. ही शेवटची चाचणी आधी खरोखर करून ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच येतो. विंडोजमधलं ब्रॉडबँड कनेक्शन त्यासाठी पुरतं, पण त्याचा स्वतःचा एमटीयू १४९२च्या खाली नाही ना ते आधी बघा. ऑपरेटर व्हीलॅन वापरत असेल आणि ओएनटी तो काढून देत नसेल, तर मात्र लॅपटॉपच्या कार्डावर तोच व्हीलॅन क्रमांक टाकावा लागेल.